जखमेचं तोंड

जखम चिघळली की आधी वास येतो. डोळ्यांना काही दिसायच्या आत, गोठ्याच्या दारातच. शेणाचा, मुताचा, ओल्या कडब्याचा, नुकत्याच काढलेल्या दुधाचा, हे सगळे वास रोजचे. नाक त्यांच्याकडे लक्षही देत नाही. हा मात्र त्यांच्यात मिसळत नाही. गोडसर, कुजका, घशाशी येऊन थांबणारा. गुरं सांभाळणाऱ्या बाईला तो ताबडतोब कळतो. हातातली पाटी तिथेच ठेवून ती एकेका जनावराच्या अंगावरून हात फिरवायला लागते. शेपटीखाली बघते, कानाच्या मुळाशी बघते, खुरांच्या बेचक्यात, कासेच्या मागे, वासराच्या नाळेवर. जनावरही खूण देत असतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा मान वळवून चाटू बघतं, चाटता आलं नाही तर पाय आपटतं, शेपूट एकाच अंगाला हाणत राहतं, वैरणीत तोंड घालून चावायचं विसरतं.

हे हात फिरवणं मी आईचं बघून शिकलो. आमचं गाव सीना नदीच्या काठाला, करमाळ्याच्या बाजूला. घरात खिलार गुरं पिढ्यान्‌पिढ्या. बैल आण्णांचे आणि गाई-वासरं आईची, अशी न बोलता झालेली वाटणी. बैलाला काही झालं की आण्णा अंगणात येरझाऱ्या घालायचे. गाईला काही झालं की आई पदर खोचायची. पू, रक्त, अळ्या, कशानेही तिला मागे सरताना मी पाहिलं नाही. तिला किळस येतच नाही, असं लहानपणी वाटायचं. येत होती, हे पुढे कळलं. ती नाकातोंडावर पदर बांधायची तो त्यासाठीच. पण हात थांबायचा नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आला. देशात त्याची पहिली नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली होती, पण आमच्याकडे ती कुणाच्या गावीही नव्हती. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून बातमी आली, आणि मग महिनाभरात ती बातमी राहिली नाही, जो तो आपापल्या गोठ्यातलं बोलू लागला. गुरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, जनावरांची ने-आण थांबली. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचू लागले, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. म्हाताऱ्या माणसांना बुळकांडीचे दिवस आठवले. तो रोग २०११ मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं, तरी ज्यांनी एका आठवड्यात रिकामा झालेला गोठा पाहिला होता त्यांच्या बोलण्यातून तो कधीच गेला नव्हता.

आमच्या हरणीला लस मिळायच्या आधीच ताप भरला. तिसऱ्या वेताची, वासरी पायाशी. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, रवंथ बंद. मग अंगावर केस उभे राहिल्यासारखे दिसू लागले आणि त्या प्रत्येक जागी हाताला गाठ लागली. टणक, गोल, आत खोलवर रुजलेली. लम्पीची गाठ नुसती वरवर नसते. कातडीची सगळी जाडी ती व्यापते, कधी खालच्या मांसापर्यंत उतरते. काही दिवसांनी तिचा मधला भाग मरतो, भोवती गोल चीर पडते, मेलेल्या कातडीची चकती सुटी होते आणि एक दिवस गळून पडते. मागे राहतं ते सरळ कडांचं, खोल भोक. त्यातच गळ्याखालच्या पोळीत आणि पुढच्या पायांत पाणी उतरतं. पाय इतके सुजतात की सांध्यावरची ताणलेली कातडी तडकते. विषाणूवर औषध नाही. तो आपली मुदत पुरी करून जातो. मात्र त्याने उघडी टाकलेली दारं तशीच राहतात, आणि त्या दारांतून जे आत शिरतं त्याच्याशी खरी लढाई सुरू होते.

हरणीचं सगळ्यात वाईट भोक पुढच्या डाव्या पायाच्या वर, छातीला लागून होतं. नेमकी अशी जागा की जीभ पोचत नाही, शेपूट पोचत नाही, आणि उभं राहून बघणाऱ्या माणसाला दिसतही नाही. पाऊस लागून राहिला होता. गोठा ओला, हवेत माशा. आधी वास आला.

जखमेत अळ्या पाडणारी जी माशी आपल्याकडे आहे तिला शास्त्रात क्रायसोमाया बेझियाना म्हणतात. दिसायला निळी-हिरवी, चकचकीत, उन्हात बसली तर सुंदरच. बाकीच्या बहुतेक माशा मेलेल्या, कुजलेल्या मांसावर अंडी घालतात. हिला जिवंत जनावर लागतं. जखमेच्या कोरड्या कडेला ती एका वेळी दीडशे-दोनशे अंडी एकमेकांना चिकटवून मांडते, आणि दिवसभराच्या आतच त्यांतून अळ्या निघून ओल्या बाजूला सरकतात. गोचीड चावल्याची टिचभर जखमसुद्धा तिला पुरते. अळ्या डोकं खाली करून मांसात घुसतात. अंगावर बारीक काट्यांची कडी असतात, त्यामुळे आत जाणं सोपं आणि ओढून काढणं अवघड. श्वास मात्र मागच्या टोकाने घेतात, म्हणून ते टोक वर. पाच-सात दिवस खातात, मोठ्या होतात, गळून मातीत पडतात, कोष करतात, आणि पुन्हा माशी. दरम्यान जखमेचा वास वाढतो, त्या वासाने आणखी माद्या येतात. म्हणून अशी जखम एका रात्रीत दुप्पट झाल्यासारखी वाटते. कालचं बोटभर भोक आज मूठ जाईल एवढं, हे आमच्याकडे अतिशयोक्तीने बोलत नाहीत.

अळीचीही एकच जात नाही, हे इथे सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर नावाच्या अमेरिकी शल्यचिकित्सकाने रणांगणावर कित्येक दिवस पडून राहिलेल्या सैनिकांच्या जखमांत अळ्या पाहिल्या, आणि त्या काढून टाकल्यावर खाली स्वच्छ, भरत आलेलं मांस पाहिलं. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याने मुद्दाम वाढवलेल्या अळ्या माणसांच्या जुनाट जखमांवर सोडल्या; आजही काही देशांत तो उपचार चालतो. त्या अळ्या मेलेलं तेवढं खातात. गोठ्यातल्या ह्या अळीला तो विवेक नाही. ती जिवंत गाय खात असते, आणि गाय उभी असते.

डॉक्टर मोटरसायकलवरून आले. तरुण, डोळ्यांखाली काळं, बुटांवर कितीतरी गोठ्यांचा चिखल. त्या दिवसांत गुरांच्या डॉक्टरांना दिवस-रात्र नव्हती. त्यांनी पहिल्यांदा जखमेकडे पाहिलंच नाही. हरणीच्या कपाळावर हात ठेवला, कान चाचपला, मग म्हणाले, "मावशी, वेसण तुम्ही धरा. तिच्याशी बोलत राहा. मी काय करतोय ते बघू नका, तिला बघा." आईने हरणीचं तोंड आपल्या खांद्यावर घेतलं आणि बोलू लागली. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. तिचे ओठ हरणीच्या कानाशी होते.

आधी भोवतीचे केस कापले. केसांत अडकलेला पू आणि माती नव्या जखमेला पुन्हा पुन्हा घाण करत राहते, म्हणून हे काम पहिलं. मग टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात अलगद बसवला आणि डॉक्टर नुसते उभे राहिले. "आता घाई नाही. त्यांना वर येऊ द्या," म्हणाले. श्वास कोंडला की अळ्या वर सरकतात. बोळा काढला तेव्हा भोकाचा तळ हलत होता. पांढुरकी टोकं, प्रत्येक टोकावर दोन काळे ठिपके, एकमेकांना रेटत, वर येत. मी तिथून नजर काढू शकलो नाही. डॉक्टर चिमट्याने एकेक अळी धरत, झटका न देता, ती स्वतःहून पकड सोडेपर्यंत ताणून ठेवत आणि बाहेर काढत. तुटली तर अर्धी आत राहून कुजते. काढलेली प्रत्येक अळी वाटीतल्या रॉकेलमध्ये. एकही गोठ्याच्या जमिनीत जाऊ द्यायची नाही. ती मातीत गेली की पुढच्या आठवड्यात माशी होऊन याच गोठ्यात परत. पुन्हा बोळा, पुन्हा थांबणं, पुन्हा चिमटा. आत कप्पे होते. एका कप्प्यातल्या संपल्या असं वाटायचं आणि बोट घातल्यावर दुसरा लागायचा. हरणीने एकदाच पाय झाडला. नंतर तिची कातडी फक्त थरथरत राहिली, पाण्यात दगड टाकल्यावर पसरावीत तशी वर्तुळं खांद्यापासून पोटापर्यंत जात.

दुसऱ्या दिवशीही काही निघाल्या, तिसऱ्या दिवशी एखाद-दुसरी. मध्ये एक इंजेक्शन कातडीखाली दिलं होतं, आयव्हरमेक्टिनचं. त्याचा उगम जपानमधल्या इतो शहराजवळच्या एका गोल्फ मैदानालगतच्या मातीत आहे. सातोशी ओमुरा यांनी त्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला, विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातून निघणाऱ्या द्रव्याची जंतांवरची ताकद ओळखली, आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. सीनेकाठच्या एका गोठ्यात, पावसात, कंदिलाच्या उजेडात ती माती कामी येत होती. हे मला आजही फार मोठं वाटतं.

पण ह्या इंजेक्शनच्या आधी, आणि पुष्कळदा त्याच्या ऐवजी, गावोगावच्या गोठ्यांत जे चालतं त्याबद्दल मला बोलायचं आहे.

किडे दिसले की माणसाचा हात पहिल्यांदा कशाकडे जातो? फिनाईलकडे. डिझेलकडे. जळक्या ऑइलकडे. पिकावर फवारायच्या औषधाच्या डब्याकडे. मी हे चांगल्या, जनावरांवर जीव टाकणाऱ्या माणसांच्या घरी पाहिलेलं आहे. वळवळणारं काहीतरी आपल्या गाईला खातंय, हे दृश्यच असं आहे की माणूस पेटतो. त्याला ते मेलेलं बघायचं असतं, लगेच, आपल्या डोळ्यांसमोर. त्या क्षणी तो गाईचा उरत नाही, अळ्यांचा वैरी तेवढा उरतो. आणि जे जहाल औषध अळीला जाळतं तेच खालच्या कोवळ्या मांसालाही जाळतं. त्याचा नवा थर मरतो, मेलेल्या थरावर पुन्हा पू धरतो, पुन्हा वास, पुन्हा माशी. कीटकनाशकाचं तर त्याहून वाईट. उघड्या मांसातून ते सरळ रक्तात जातं, जीभ पोचत असेल तर पोटात जातं. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक कालवड अशी गेली. अळ्या मेल्या, आणि संध्याकाळी तिच्या तोंडाला फेस आला, अंगाला कंप सुटला. घरातल्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? ते तिच्यासाठी रात्रभर रडले.

किळस आणि माया एकाच वेळी हातात येतात, आणि किळस जास्त चपळ असते. जखमेवरच्या उपचाराचं सगळं शिक्षण, माझ्या मते, किळसेला थोडा वेळ बाजूला बसवायचं शिक्षण आहे.

जुन्या बायकांकडे जे होतं ते पुष्कळसं मवाळ होतं. सीताफळाचा पाला वाटून त्याचा चोथा भोकात भरायचा, त्याने अळ्या बाहेर पडतात. खोबरेल तेलात कापूर. कडेला कडुनिंबाचं नाहीतर करंजाचं तेल, म्हणजे माशी बसत नाही. ताज्या कापल्यावर एकदांडीचा रस. हळद तर आहेच. सीताफळ आणि एकदांडी ह्या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या. आपल्या आज्यांनी परमुलखातून आलेलं ते झाड पाहिलं, त्याचा पाला वापरून पाहिला, उपयोग झाला तो ठेवला, आणि काही पिढ्यांत तो आजीबाईच्या बटव्यात असा मुरला की तो कधी बाहेरून आला असेल असं कुणाला वाटेनासं झालं. मला त्या बायकांचा यासाठी अभिमान वाटतो. लम्पीच्या काळात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही गावोगाव सांगितलं ते याच वाटेचं: कडुनिंब, तुळस, मेंदी, लसूण, हळद आणि खोकलीचा पाला तेलात उकळून जखमेला लावा, अळ्या दिसल्या तर पहिल्या दिवशी सीताफळाच्या पाल्याचा लगदा किंवा कापराचं खोबरेल. सीताफळाच्या बियांची पूड मात्र जपून. ती डोळ्यांत गेली तर आग होते, आणि जनावराचा डोळा मिटून धरायला हात मोकळा नसतो.

तरीही पाला म्हणजे निम्मंच काम. खोल गेलेल्या जखमेत त्याच्यापुढचं जे करावं लागतं ते डॉक्टरांनी आम्हाला तिथे, हरणीच्या अंगावर शिकवलं.

अळ्या निघाल्यावर भोक स्वच्छ दिसत होतं. आम्हाला वाटलं, झालं. डॉक्टरांनी खाली, पोळीच्या बाजूला, दोन बोटांनी दाबत दाबत नेलं आणि एका जागी थांबले. वरच्या भोकातून पू कातडीच्या आतून खाली उतरला होता आणि तिथे पिशवी करून साचला होता. "पू वर चढत नाही, मावशी. त्याला खालून वाट द्यायची," ते म्हणाले. ती जागा भूल देऊन बधिर केली, सुई टोचून आत पूच आहे याची खात्री केली, आणि पिशवीच्या सगळ्यात खालच्या टोकाला चीर दिली. गाईचा पू पातळ वाहत नाही. तो घट्ट, गाठीगाठींचा, पिवळा. आपल्या आपण बाहेर येत नाही. हातमोजा घातलेलं बोट आत फिरवून पडदे मोडावे लागतात. मग मिठाचं कोमट पाणी मोठ्या सिरिंजने वरच्या भोकातून सोडलं आणि खालच्या चिरेतून बाहेर येऊ दिलं. गढूळ, मग गुलाबी, मग हळूहळू नितळ. एक लिटर उकळलेल्या पाण्याला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे रक्ताइतकंच खारट. त्याने मांसाला झोंबत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पहिल्या दिवशी घाण उचलायला ठीक, रोज नको, नवं मांस त्याने मागे पडतं. शेवटी पोव्हिडोन आयोडिनमध्ये भिजवलेली गॉजची लांब पट्टी आत भरली आणि तिचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवलं.

"हे तोंड बुजू द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "वरून लवकर मिटलं तर आत परत तेच. तळापासून भरत येऊ दे. रोज पट्टी काढायची, धुवायचं, नवी भरायची. जितकी आत मावेल तितकीच. रोज थोडी कमी मावेल. तेच आपलं माप."

म्हणजे जखम बरी करण्यासाठी ती उघडी ठेवायची. भेटायला येणाऱ्या माणसांना हे पटत नसे. मामा आले, चुलत्या आल्या, शेजारचे आले, प्रत्येकजण वाकून बघायचा आणि म्हणायचा, "अजून तोंड उघडंच? टाके का नाही घातले?" घाण झालेल्या जखमेला टाके घालणं म्हणजे चोराला आत ठेवून दार लावणं, हे आईने डॉक्टरांकडून एकदा ऐकलं आणि मग ती येईल त्याला तेच सांगायची, जराही न कंटाळता.

सकाळी धार काढून झाली की पाणी उकळायचं, ते निवेपर्यंत वैरण, मग हात साबणाने कोपरापर्यंत. जुनी पट्टी हळूच ओढायची. तिच्यावर काय लागून आलं ते उजेडात धरून बघायचं, आणि वास घ्यायचा, मुद्दाम, नाक जवळ नेऊन. वास घेणं हा उपचाराचा भाग आहे, हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नाही. आई ते करायची. एके सकाळी तिने पट्टी नाकाशी धरली आणि काही न बोलता माझ्या नाकाशी धरली. आयोडिनचा वास होता आणि रक्ताचा, ओला, ताजा. दुसरा कसलाच नाही. त्या दिवशी भोकाच्या तळाशी पहिल्यांदा लाल दिसलं: बारीक दाणेदार, ओलसर, डाळिंबाच्या दाण्यांसारखं भरलेलं, बोट लागलं तर टचकन रक्त येणारं. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं आणि पहिल्यांदा हसले. ते रक्त येणं चांगलं. तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती मांस धरत असतं. औषधाने ते मांस तयार होत नाही, ते गाय स्वतः करते. आपण तिच्या आणि तिच्या कामाच्या मधली घाण तेवढी काढत राहायची.

प्रतिजैविकं दिली होतीच. ताप होता, सूज पसरत होती, नुसत्या धुण्याने भागलं नसतं. पण मग त्या दिवसांचं दूध डेअरीला घालता येत नाही, शेवटच्या इंजेक्शननंतरही ठरलेले दिवस जाईपर्यंत नाही. हे नियमात लिहिलेलं आहे आणि आईला ते नियमाआधी माहीत होतं. ज्या गाईला सुई चालू असते तिच्या दुधाला विरजण नीट लागत नाही. दही करणारे जिवाणूच त्या दुधात मरतात. "जे दूध दही होत नाही ते लेकराच्या पोटात कसं घालायचं?" हा तिचा सरळ हिशेब. लम्पीने तसंही दूध अर्ध्यावर आणलं होतं, उरलेलं ती परसात खड्ड्यात ओतायची. संध्याकाळी संकलन केंद्रावरची रांग आमच्या दारावरून जायची. आण्णा तेव्हा दारात बसत नसत.

वेदनेवरचं औषध देताना डॉक्टरांनी बाटली फिरवून आण्णांना नाव दाखवलं: मेलॉक्सिकॅम. "डायक्लोफिनॅक कुणी दिलं तर घेऊ नका," म्हणाले. ते जनावरांसाठी २००६ मध्येच बंद झालं. दुखणं त्याने चांगलं थांबायचं. पण असं औषध पोटात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. काही वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली एखादी उरली, इतकी संपली. आण्णांना सीनेच्या काठावरच्या चिंचा आठवत होत्या, गिधाडांनी फांद्या वाकलेल्या. ती कुठे गेली हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते ऐकलं आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आपल्याच गोठ्यातनं गेली म्हणा की." एका दुखऱ्या पायाची कळ थांबवायला दिलेली सुई आभाळापर्यंत पोचते, हे समजायला त्यांना एकच वाक्य लागलं. मला ते पुष्कळ वाचूनही इतक्या स्वच्छपणे कळलं नव्हतं.

आण्णांकडचं जखमांचं ज्ञान वेगळं होतं, बैलांचं. नांगरताना मागच्या पायाला फाळ लागतो, टाचेच्या वर आडवी चीर जाते. जू सारखं घासून मानेवर, खांद्यावर सूज धरते, मग ती पिकते. दोन बैलांची उंची सारखी नसली, जू खरबरीत असलं, पावसात भिजलेल्या मानेवर ओझं पडलं, की हमखास. ह्या जखमांचं कारण आपणच असतो, आणि आण्णांना ते लागायचं. सूज आहे तोवर बैलाला जुंपायचं नाही, हा त्यांचा कायदा. पेरणी थांबली तरी चालेल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात, खांदे शेकतात, उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. मी तो विधी वर्षानुवर्षं पाहिला आणि त्यातलं औषध फार उशिरा दिसलं. वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरातल्या कर्त्या पुरुषाचा हात बैलाच्या खांद्यावरून सावकाश, दाबून, उजेडात फिरतो. कुठे गाठ आहे, कुठे दुखतंय, कुठे केस गेलेत, सगळं त्या हाताला कळतं. २०२३ मध्ये लम्पी पुन्हा वाढला तेव्हा पुष्कळ जिल्ह्यांत प्रशासनाने पोळा घरच्या घरीच करायला सांगितलं. वाजंत्री नाही, वेशीत गर्दी नाही. आण्णांनी त्या वर्षी खांदे चोळले ते नेहमीपेक्षा बराच वेळ.

हरणीची पट्टी रोज आखूड होत गेली. आधी वीतभर मावायची, मग चार बोटं, मग नुसतं टोक, मग टोकही आत राहीना. वरची कातडी कडांकडून आत सरकत आली, पातळ, गुलाबी, आणि एक दिवस दोन्ही कडा भेटल्या. तोवर दिवाळी होऊन गेली होती. त्या जागी केस आले नाहीत. अंगावर बाकीच्या गाठींच्या जागीही वण राहिले, काही ठिकाणी केस पांढरे उगवले. चाल सुधारली, पण डाव्या पायाचं पाऊल ती अजून जरा बाहेर टाकते.

बाजार उघडल्यावर एक व्यापारी घरी आला. वासरी बघायला आला होता, पण सवयीने हरणीभोवतीही फिरला. वणांवरून बोट फिरवलं, छातीजवळच्या खड्ड्यापाशी थांबला, आणि आण्णांना म्हणाला, "डागी झाली की हो पाटील. कातडं पार गेलं. निम्म्यानं बी कुणी घेणार नाही."

आई दारात उभी होती. "कातडं इकायचं व्हतं कुणाला?" ती म्हणाली. "तू वासरीचं बोल."

तो वासरीचं बोलला. भाव पटला नाही. वासरीही घरीच राहिली. पुढच्या पावसाळ्याआधी तिला लस टोचून घेतली, आणि गोठ्याच्या आढ्याला टांगलेल्या पिशवीत आईने चिमटा, कापूस, आयोडिनची बाटली आणि मोठी सिरिंज नव्याने भरून ठेवली.